डाव्या अंगाचं हँडल

आश्रुबा वाव्हळे यांच्याकडं कुणी बिघडलेली वस्तू आणली की ते लगेच हात लावत नसत. आणणाऱ्याला म्हणत, चालवून दाखव. मग डोळे मिटून, मान जराशी तिरकी करून ऐकत बसत. शिलाई मशीन असो, स्टोव्हचा पंप असो की सरकारी रायफल असो, रीत तीच. नवख्या माणसाला वाटायचं, हवालदारांना डुलकी लागली. एक-दोघांनी हळूच खाकरूनही पाहिलं होतं. पण डोळे उघडले की आश्रुबा नेमकं बोट ठेवून सांगत, इथं घासतंय.

ही विद्या बापाची. बाप चुडाव्याला रेल्वेच्या गँगमध्ये होता. रुळावर हातोडी मारायची आणि आवाज ऐकायचा. खणखणीत आला तर पुढं चालायचं, बद्द आला तर तिथंच बसून तडा शोधायचा, यात त्याची हयात गेली. पोरगं सुट्टीच्या दिवशी त्याच्या मागं मागं हिंडायचं. छप्पन साली बापानं घरातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले, तेव्हा आश्रुबा अठरा वर्षांचे होते. गाठोडं नेताना बाप रडला नाही की हसला नाही. एवढंच म्हणाला, की आजपासून या घरात हळद फक्त भाजीपुरती. कुंकवाचा करंडाही त्याच गाठोड्यात गेला.

दोन वर्षांनी आश्रुबा फौजेत भरती झाले. सिकंदराबादला शस्त्रदुरुस्ती शिकले, सतरा वर्षं नोकरी करून नाईक म्हणून परत आले आणि राखीव दलाच्या एका तुकडीत आर्मोरर हवालदार म्हणून लागले. ही तुकडी सोनपेठच्या वाटेवर एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात मुक्कामाला होती. जिथं एके काळी सरकीचे ढीग पडत, तिथं आता शंभर जवान परेड करत. जिनिंगमालकाच्या जाड भिंतींच्या खोलीत शस्त्रागार होतं. जवान त्याला कोत म्हणत. कोताची किल्ली आश्रुबांच्या कमरेला असे, आणि ती झोपेतही कमरेलाच असते अशी जवानांची खात्री होती.

तुकडीला नव्या एसएलआर रायफली मिळून चार-पाच वर्षं झाली होती. या रायफलीच्या डाव्या अंगाला बोटभर लांबीचं हँडल बाहेर आलेलं असतं. ते मागं ओढून सोडलं की पहिली गोळी नळीत चढते. पुढच्या गोळ्यांचं रायफल आपलं आपण बघते. दिसायला चीज एवढीशी, पण हँडल ज्या खाचेतून सरकतं ती खाच साफ नसली, तर बाकीची सगळी रायफल म्हणजे नुसती लोखंडी काठी. जवानानं नळी साफ करायची, बाहेरून पुसायचं. हँडल खाचेतून काढायचं ते फक्त आर्मोररनं. एकदा एका उत्साही जवानानं पेचकसानं खाच खरवडली, तर आश्रुबांनी त्याला आठ दिवस कोताच्या दारात बसवून वाकडे खिळे सरळ करायला लावले होते. तो जवान पुढं साहेब झाला, पण पेचकस दिसला की अजून दोन पावलं मागं सरकतो म्हणे.

वर्षातला एकच दिवस कोताची किल्ली आश्रुबांकडं नसे. खंडेनवमीला तुकडीत शस्त्रपूजा होई. तुकडीचे फौजदार भगवानराव सेलूकडचे, देवभोळे आणि मनानं चांगले. ते आदल्या दिवशी कोतात येत आणि म्हणत, वाव्हळे, उद्या तुमी घरी थांबा, आमी बगतो. आश्रुबा किल्ली देत, वहीत सही घेत आणि घरी जात. दिवस नामांतराचे होते. मोर्चे निघत, बंद होत, आणि तुकडीला बंदोबस्ताला जावं लागे. अठ्ठ्याहत्तर साली पूर्णेच्या अंगाला आश्रुबांच्या मावसभावाचं घर जळालं, तेव्हा ते इथं बसून दुसऱ्याच गावच्या बंदोबस्ताला रायफली मोजून देत होते. त्यावर तुकडीत कुणी बोललं नाही, तेही बोलले नाहीत. शंभर माणसं एका भिंतीआड राहायची म्हणजे काही गोष्टी गिळाव्याच लागतात. त्यामुळं नवमीची ही व्यवस्था भगवानराव आणि आश्रुबा दोघांनाही बरी वाटत होती. आपण एकमेकांचा मान राखतो आहोत, अशी दोघांचीही समजूत होती.

सत्याऐंशी सालची नवमी अशीच गेली. आणि अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत, संक्रांतीच्या आठवड्यात, मोठे साहेब तपासणीला आले.

गावाबाहेरच्या दगडाच्या खाणीत फायरिंग ठेवलं होतं. बाजूला शामियाना, खुर्च्या, चहा, बिस्किटं. पहिली गोळी चंद्रभाननं झाडायची असं ठरलं होतं. चंद्रभान पालमकडचा, तीन वर्षांच्या नोकरीचा, तुकडीतला सगळ्यात चांगला नेमबाज. तो रुबाबात पुढं आला, पालथा पडला, डाव्या हातानं हँडल ओढलं. ते अर्ध्यावर आलं आणि अडलं. पुढं जाईना, मागं येईना. त्यानं पुन्हा ओढलं. शिट्टी होऊन गेली होती, शंभर जण बघत होते, आणि मोठ्या साहेबांनी दुर्बीण डोळ्याला लावली होती. पोरगं घाबरलं. गुडघ्यावर उठलं, रायफलीचा दस्ता जमिनीला टेकवला आणि हँडलवर बुटाची लाथ घातली. हँडल हललं नाही. रायफल मात्र गर्रकन फिरली आणि गोळ्या भरलेल्या असतानाच तिची नळी सरळ शामियान्याकडं वळली.

शामियान्यात जे झालं ते तुकडीत पुढं वर्षभर, साहेब लोक जवळपास नसताना, करून दाखवलं जात होतं. मोठे साहेब खुर्चीमागं पालथे झाले. एका अधिकाऱ्याच्या मांडीवर किटली उपडी झाली. गोळी सुटली नाही, कुणाला खरचटलंही नाही. पण साहेब उठले, गुडघे झटकले आणि अजिबात न ओरडता बोलले, तेव्हा खाणीत कावळाही ओरडायचा थांबला. हा जवान आजपासून निलंबित. रायफल त्याच्या हलगर्जीनं खराब झाली असेल तर नोकरीतून काढून टाका. दोष त्याच्या हाताबाहेरचा असेल तर ताकीद देऊन सोडा. आर्मोररनं चार दिवसांत लेखी अहवाल द्यावा.

म्हणजे चंद्रभानची भाकरी आता आश्रुबांच्या कागदावर होती. संध्याकाळी तो कोताच्या दाराशी येऊन बसला. घरात सरकारी नोकरीला लागलेला तो पहिलाच, आणि चैतात लग्न ठरलेलं.

"दर आठवड्याला साफ केली हाय, हवालदार," तो म्हणाला. "मायची आन."

आश्रुबांनी त्याला सांगितलं, की आण घेतलेली रायफलीला ऐकू येत नसते. काय असेल ते तीच सांगेल, तू जाऊन जेव. बोलणं कोरडं होतं, पण पोराचा चेहरा बघून त्यांचं काळीज हललं होतं. खाच उघडायचा जवानाला हक्कच नाही, मग दोष त्याचा कसा, हे त्यांना कळत होतं. पण तसं नुसतं लिहून भागणार नव्हतं. रायफल का अडली हे सिद्ध करून द्यावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दार लोटून घेतलं आणि रायफल समोर घेतली. रिकामी आहे ना, हे दोनदा बघितलं. मग हँडलला दोरा लावून पाहिला. बुटाच्या तडाख्यानं ते वाकलं असतं तर मूळ दोष त्याखाली झाकून गेला असता. पण ते सरळ होतं. मग डोळे मिटून, दोन बोटांनी, कपाशीच्या बोंडातून तंतू ओढावा तसं हलक्या हातानं हँडल मागं घेतलं. दोन अंगठ्यांच्या अंतरावर ते थबकलं. आवाज लोखंडावर लोखंड घासल्याचा नव्हता. चौकटीला नवा रंग देऊन दार लवकर लावलं की ते उघडताना जसं चिकटून सुटतं, तसा काहीसा आवाज होता.

स्प्रिंग काढून नव्या स्प्रिंगशेजारी ठेवून दाबून बघितली. तिच्यात दम होता. हँडलला पुढच्या बाजूला धरून ठेवणारी कळ असते, तीही टणक होती. मग त्यांनी कंदील पेटवला, काच काढली आणि हँडलचा सरकणारा भाग वातीच्या धुरावर धरून काजळीनं काळा केला. तो खाचेत घालून चार वेळा पुढं-मागं सरकवला आणि पुन्हा बाहेर काढला. सगळीकडं काजळी तशीच होती, फक्त वरच्या कडेला एका जागी ती पुसली जाऊन लोखंड चकाकत होतं. घासत होतं ते तिथं.

खाचेत त्या जागी नख फिरवलं. कड फुटलेली नव्हती. काहीतरी बसलं होतं, लाखेसारखं कडक. घासलेटच्या फडक्यानं ते निघेना. पोलाद ओरखडू नये म्हणून आश्रुबांनी बांबूची काडी टोकदार केली आणि खरवडलं, तशी तांबूस-काळपट खपली सुटली. गंज म्हणावा तर गंजाची पूड होते, हे दाताखाली चिवट लागेल असं होतं. बंदुकीचं तेल म्हणावं तर ते जुनं झालं की काळं पडतं, असं तांबडं होत नाही. त्यांनी वास घेतला. तीस वर्षं तेलांच्या वासात काढलेला माणूस, पण हा वास काही नावानिशी आठवेना. याची त्यांना जरा लाजच वाटली. अर्धी खपली पुराव्याला खाचेतच ठेवून बाकीची त्यांनी कागदाच्या पुडीत बांधली आणि दुपारी जेवायला घरी गेले.

सगुणाबाईंनी पुडी बघून आधी विचारलं, की आज बाजारातनं काय आणलं. आणलं असं काहीच नाही हे कळल्यावर त्यांनी ती तशीच उघडली, नाकाशी नेली आणि लगेच म्हणाल्या, "करडीचं तेल हाय हे. वाळून राळ झालंय."

आश्रुबांचा घास हातातच राहिला. सगुणाबाई उठून चुलीजवळची कढई घेऊन आल्या आणि तिचं बूड त्यांच्यासमोर धरलं. कडेला तसलाच चिवट थर होता. करडईचं तेल पुसून घेतलं नाही तर महिन्या-दोन महिन्यांत असंच बसतं, मग राखेनं घासघासून हात दुखतात तरी निघत नाही, हे त्यांनी ऐकवलं. बायको रोज जे घासते ते नवऱ्यानं तीस वर्षांत एकदा तरी बघितलं असतं तर, हेही ऐकवलं. मग पुडीतून काहीतरी चिमटीत उचलत त्या म्हणाल्या, की हा तांदळाचा अर्धा दाणा आहे, आणि त्याला कुंकू लावलेलं आहे. अक्षता आहेत या. रायफलीचं लगीन कुणी लावलं?

आश्रुबा जेवण अर्धं टाकून उठले.

तुकडीचा स्वयंपाकी सिताराम भोळा माणूस होता, त्यानं सगळं खुशीनं सांगितलं. नवमीला चौरंगावर पाच रायफली मांडल्या होत्या, त्यात चंद्रभानची मानाची म्हणून मधोमध. कोरडं कुंकू पोलादावर ठरेना, सारखं घरंगळायचं. तेव्हा फौजदारसाहेबांनी युक्ती काढली, की तेलात कालवा. सितारामनं मेसमधून वाटीभर करडईचं तेल नेलं. साहेबांनी स्वतःच्या बोटानं पाचही रायफलींना मळवट भरल्यासारखं लावलं, हँडललाही लावलं, कारण हात पहिल्यांदा तिथंच जातो. वरून अक्षता टाकल्या. किती मनोभावे लावलं, हे सांगताना सितारामचे डोळे भरून आले होते.

आश्रुबांनी बाकीच्या चार रायफली खाली घेतल्या. दोन ठीक होत्या. उरलेल्या दोघींची हँडलं जड झाली होती, आणखी महिनाभरात अडली असती. दोघींच्या खाचांत तोच तांबूस थर.

कोडं सुटलं होतं, आणि सुटल्याचा आनंद त्यांना अर्धा तासही मिळाला नाही. त्यांनी नोंदवही काढली. नवमीच्या दुसऱ्या दिवशी पाच रायफली परत घेतल्याची नोंद होती. छापील ओळ होती, शस्त्र उघडून, तपासून परत घेतले. खाली सही, आश्रुबा वाव्हळे.

त्यांना तो दिवस लख्ख आठवला. रायफलींवर लाल बोटं दिसत होती. त्यांनी दस्त्याला धरून एकेक रायफल घेतली होती, एका जवानाला म्हटलं होतं की बाहेरून पुसून टाक, आणि रॅकवर लावली होती. खाच उघडली नव्हती. हा यांचा मामला आहे, आपला नाही, असं मनाला सांगून सही ठोकली होती. एरवी नळीत धुळीचा कण दिसला तर जवानाला परत पाठवणारा हा माणूस, पण पाच रायफली न बघता आत घेतल्या होत्या. आश्रुबांना स्वतःचीच शरम वाटली, आणि ती आधीच्या कुठल्याही शरमेपेक्षा मोठी होती.

तिसऱ्या दिवशी भगवानराव कोतात आले. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. पोराची त्यांनाही काळजी होती. त्यांनी सुचवलं, की सरळ लिहून टाका, स्प्रिंग कमजोर झाली होती. यंत्रच आहे, झिजतं. पोरगं वाचेल, तुम्हालाही बोल नाही. एप्रिलात आश्रुबांची जमादार म्हणून बढती व्हायची होती, दोन खोल्यांचं पक्कं क्वार्टर मिळायचं होतं. सगुणाबाईंनी त्या खोल्यांत चूल कुठं आणि पलंग कुठं हेसुद्धा ठरवून ठेवलं होतं. भगवानरावांनी त्याचीही आठवण करून दिली.

आश्रुबा म्हणाले, की रायफल डेपोत जाणार आहे. तिथं स्प्रिंग काट्यावर तोलतात. ती चांगली निघेल, अहवाल खोटा ठरेल, आणि मग चंद्रभानला कुणीच वाचवू शकणार नाही. मग त्यांनी पुडी उघडून समोर ठेवली आणि सगळं सांगितलं.

भगवानरावांनी तो अर्धा दाणा बोटावर घेऊन पाहिला. त्यांचा चेहरा उतरला.

"म्हंजे पूजेनं रायफल बिगडली म्हणता तुमी?"

"पूजेनं न्हाई, साहेब. तेलानं. आन् माझ्या न बगन्यानं."

भगवानराव निघून गेले. आश्रुबांना त्यांची भीती कळत होती. बौद्ध आर्मोररनं शस्त्रपूजेवर बोट ठेवलं, असं एकदा आवारात पसरलं की आजवर गिळलेलं सगळं बाहेर आलं असतं. त्यांनी अहवालाचा पहिला कागद लिहिला, त्यात 'बाह्य पदार्थ' असा गोलमाल शब्द घातला आणि फाडला. दुसरा फाडला. बढतीचा मोह होत नव्हता असं नाही, चांगलाच होत होता. तिसरा कागद त्यांनी उभ्यानंच लिहिला, कारण बसलं की विचार येत होते.

चौकशी मेसच्या खोलीत झाली. मोठे साहेब मधोमध, शेजारी भगवानराव, भिंतीला टेकून दहा-बारा जवान, आणि कोपऱ्यात टोपी काढलेला चंद्रभान. साहेबांनी अहवाल मोठ्यानं वाचला. हँडलच्या खाचेत करडईचे खाद्यतेल वाळून बसले होते. त्यामुळे हँडल अडले. शस्त्र परत घेताना खाच उघडून पाहणे हे आर्मोररचे काम होते. ते मी केले नाही. खाच उघडण्याचा जवानास अधिकार नाही, सबब त्याचा दोष नाही.

साहेबांनी मान वर करून विचारलं, की रायफलीत खायचं तेल आलं कुठून. भगवानराव खिडकीबाहेर बघत होते. आश्रुबांनी थोडी वाट पाहिली, मग सांगितलं, की खंडेनवमीच्या पूजेत कुंकू कालवून लावलं होतं. भिंतीकडून कुजबुज उठली. कुणी लावलं, हे साहेबांनी विचारलं नाही आणि आश्रुबांनी सांगितलं नाही. साहेबांचा पुढचा प्रश्न वेगळाच होता. तेरा वर्षांत तुमच्या कामात एक चूक नाही, मग त्या दिवशी खाच उघडून का नाही पाहिली?

विसरलो म्हणता आलं असतं. काम जास्त होतं म्हणता आलं असतं, आणि साहेबांनी मानही डोलावली असती.

"कुंकू होतं, साहेब," आश्रुबा म्हणाले. "आमच्या आज्याला लोक त्याला शिवू देत न्हवते. मग आमीच शिवायचं सोडलं. त्या दिवशी मी रायफल बगितलीच न्हाई. कुंकूच बगितलं."

साहेबांनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं आणि लिहायला लागले.

चंद्रभान ताकीद घेऊन कामावर परत आला. नळी साहेबांकडं फिरवल्याबद्दल पंधरा दिवस जादा कवायत मिळाली, ती त्यानं आनंदानं केली. आश्रुबांच्या सेवापुस्तकात 'कर्तव्यात कसूर' अशी नोंद झाली आणि बढती तीन वर्षं पुढं गेली. तुकडीत काही जण म्हणाले, की वाव्हळ्यांनी पूजेला नावं ठेवली. गावाकडच्या भावकीत नेमकं उलटं, की चूक त्यांची होती तर तू कशाला अंगावर घेतलीस. दोन्हीकडं मिळून आश्रुबांचं कौतुक करणारा एकही माणूस निघाला नाही. सगुणाबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भाकरी वाढताना म्हणाल्या, "मीच वास वळखला. वळखायलाच नको होता." त्या वाक्याचं आश्रुबांना बढतीपेक्षा जास्त वाईट वाटलं.

भगवानरावांशी ते कामापुरतं बोलत राहिले. सलाम ठोकत, सह्या घेत, आणि एक शब्द जास्त बोलत नसत. माणूस चांगला होता, म्हणूनच राग जास्त होता. चौकशीच्या वेळी तो खिडकीबाहेर बघत राहिला, हे त्यांच्या डोळ्यांसमोरून जात नव्हतं.

ऑक्टोबरात पुन्हा नवमी आली. आदल्या दिवशी भगवानराव कोताच्या दारात येऊन उभे राहिले. आश्रुबांनी सवयीनं कमरेची किल्ली सोडायला हात नेला.

"ऱ्हाऊ द्या," भगवानराव म्हणाले. "दरसाल तुमाला घरी धाडायचो. वाटायचं, मान राखायलोय. कोत तुमचा हाय, वाव्हळे. उद्या तुमी इथंच थांबा. पूजेला न्हाई, तुमच्या कामाला." मग खालच्या आवाजात म्हणाले, "त्या दिवशी साहेबाम्होरं बोलायला पायजे होतं. जीभ उचलली न्हाई माझी."

"मला लय राग आला होता, साहेब," आश्रुबा म्हणाले. "अजूनबी हाय."

"आसू द्या."

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. या खेपेला तेल नव्हतं. ओलं कुंकू बोटानं लावलं, वर झेंडूची फुलं. आश्रुबा दाराच्या चौकटीशी गणवेशात उभे राहिले. त्यांनी हात जोडले नाहीत, आणि कुणी जोडा म्हटलं नाही. आरती झाली, पेढे वाटले. जवान पांगायला लागले तसे ते आत आले, गोणपाट अंथरून बसले आणि पहिली रायफल मांडीवर घेतली. फडकं घासलेटमध्ये बुडवलं. बोटं कुंकवाजवळ गेली, क्षणभर थांबली आणि पुसायला लागली. हँडल काढलं, खाच पुसली, हँडल बसवलं, सरकवून पाहिलं.

दुसरी रायफल घ्यायला त्यांनी हात लांब केला तर ती जागेवर नव्हती. भगवानराव टोपी बाजूला ठेवून, इस्त्रीच्या पँटीसकट, त्यांच्यासमोर गोणपाटावर बसले होते आणि रायफल त्यांच्या मांडीवर होती. पांगणारे जवान थांबले. कुणाचा पेढा तोंडात तसाच राहिला. आश्रुबांनी तिचं हँडल काढून दिलं आणि दुसरं फडकं पुढं सरकवलं. फौजदारसाहेबांनी मान खाली घालून खाच पुसली, बराच वेळ पुसली, आणि रायफल आश्रुबांकडं दिली.

आश्रुबांनी करंगळी खाचेतून फिरवली आणि उजेडात धरली. टोकाला लाल लागलं होतं. शंभर माणसं बघत होती.

"परत पुसा, साहेब," ते म्हणाले.

भगवानरावांनी रायफल परत मांडीवर घेतली, आणि फडकं नव्यानं भिजवलं.